मोटारीचें दुखणें

मनुष्य आजारी पडला म्हणजे "येथें दुखतें" असें तोंडानें सांगूं शकतो. मुक्या जनावरास तें सांगतां येत नाहीं. पण तें लंगडतें, चारा टाकतें, आणि जाणता धनी त्यावरून काय तें ओळखतो. मोटारीची गोष्ट निराळी आहे. ती बोलते, आणि मोठ्यानें बोलते. परंतु दुखणें एका ठिकाणीं असतें व आवाज भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. हें न समजल्यामुळें गेल्या वर्षीं आमच्या हातून एका निरपराध माणसावर अन्याय झाला. तो कसा झाला व कसा निस्तरला हें सांगावें, आणि सांगतां सांगतां मोटारीच्या पोटांतील थोडीशी माहितीहि बालवाचकांस द्यावी, या हेतूनें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या वसतिगृहाची एक जुनी ॲम्बॅसेडर मोटार आहे. ही जात आतां दुर्मिळ होत चालली आहे. बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांत तिची बांधणी २०१४ सालीं थांबली, आणि आमची गाडी तर त्याच्याहि पुष्कळ वर्षें आधींची. बाजारांतून भाजीपाला आणणें, रात्रीं-अपरात्रीं आजारी मुलास इस्पितळांत पोहोंचविणें आणि वर्षांतून एकदां सहलीस सामानसुमानासह जाणें, हीं तिचीं कामें. ती चालविणाऱ्या वृद्ध गृहस्थांना मुलें मामा म्हणतात. म्हणून आम्हीहि मामाच म्हणतों. गाडीच्या खर्चाची वही मात्र आमच्याकडे असते. ही वहीच पुढें आमची साक्षीदार झाली.

पावसाळा संपला आणि गाडी ठोके देऊं लागली. उभ्या गाडीस पहिला गिअर टाकून क्लच सोडला कीं खालून "खट्ट" असा एक ठोका येई. चालत्या गाडींत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला कीं दुसरा, पाय पुनः दाबला कीं तिसरा. गाडी मागें घेतांना तर असा दणका बसे कीं पाठीमागें बसलेलीं मुलें एकमेकांकडे पाहून हंसत. आम्ही मात्र हंसलों नाहीं. आम्ही मामांना म्हटलें, "मामा, क्लच जरा हळू सोडीत जा."

"हळूच सोडतों, सर," मामा म्हणाले. "खालीं कांहीं तरी सैल झालें आहे. एकदां ग्रीसिंग करून घेऊं या."

ग्रीसिंगची ही मागणी मामांनीं त्यापूर्वीं दोनदां केली होती, आणि दोन्ही वेळां आम्हीं "पुढच्या महिन्यांत पाहूं" असें उत्तर दिलें होतें. याहि वेळीं तेंच दिलें. काटकसर हा सद्गुण आहे खरा. परंतु ती कोठें करावी हें न कळणाऱ्याच्या हातीं तो सद्गुण राहत नाहीं.

ठोका वाढत चालला, तेव्हां आम्हीं गाडी शहरांतील एका दुरुस्तीच्या दुकानीं पाठविली. तेथें क्लचप्लेट बदलण्यांत आली. चार दिवस ठोका कमी झाल्यासारखा वाटला. पांचव्या दिवशीं तो पूर्ववत् येऊं लागला. दुसऱ्या दुकानदारानें गाडी अंगणांत दोनदां पुढें-मागें केली, मान हलविली आणि "क्राउन-पिनियन गेलें" असा निकाल दिला. त्या कामाचा त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून आम्ही गाडी परत आणली. दोघांपैकीं एकानेंहि गाडीखालीं डोकें घातलें नव्हतें. पण त्या वेळीं हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

मग आम्हीं आमचें तर्कशास्त्र चालविलें. क्लच नवा, तरी ठोका जुनाच. त्या अर्थीं दोष यंत्राचा नसून चालविणाराचा असला पाहिजे! पांचगणीची सहल तीन आठवड्यांवर आली होती. वाईहून वर चढणारा पसरणीचा घाट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तेथील वळणें सांगावयास नकोत. अशा घाटांत मुलांसह गाडी न्यावयाची, तेव्हां दुसरा चालक पाहावा, असें आम्हीं वसतिगृहाच्या बैठकींत सुचविलें व मामांकडून किल्ली मागून घेतली. मामांनीं ती रुमालाच्या टोकानें पुसली, टेबलावर ठेविली आणि ते निघून गेले. एक अक्षरहि बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत आम्ही प्रयोगाची पद्धत शिकवीत होतों. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या सर्व तशाच ठेवाव्या, म्हणजे कोणत्या कारणाचें कोणतें कार्य हें कळतें, असें सांगून झाल्यावर वसतिगृहांतील एक मुलगा उठला व अत्यंत साळसूदपणें विचारता झाला, "सर, मामा नसतांना गाडी वाजते का हें कोणीं पाहिलें आहे का?" वर्गांत शांतता पसरली. आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं स्वतः गाडी बाहेर काढली. क्लच इतका हळू सोडला कीं फाटकापर्यंत जाण्यास एक मिनिट लागलें असेल. ठोका आला, अगदीं तसाच, तितकाच. आमचा अर्धा अभिमान फाटकांतच गळाला.

उरलेला अर्धा एका वृद्ध मिस्त्र्यांनीं उतरविला. एस्. टी.च्या आगारांत आयुष्य घालवून ते निवृत्त झाले आहेत आणि आमच्याच आळींत राहतात. शनिवारीं सकाळीं ते आले तेव्हां आम्ही तोंडानें "खट्ट, खट्ट" करून ठोक्याची नक्कल करूं लागलों. त्यांनीं हात वर केला व म्हटलें, "मास्तर, कसा वाजतो तें राहूं द्या. केव्हां वाजतो तें सांगा."

या एका वाक्यांत सारी विद्या भरलेली आहे. पुढें अर्धा तास त्यांनीं फक्त प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नासरशी संशयितांची संख्या कमी होत गेली. ठोका खड्ड्यांतून जातांना येतो काय? तसा येत असेल तर कमानींचे रबरी बुश, शॉक ॲब्सॉर्बर किंवा लोंबकळणारा सायलेन्सर यांकडे पाहावें. ब्रेक दाबतांना येतो काय? मग ब्रेकचे भाग, आणि आंस कमानींना आवळून धरणारे यू-बोल्ट तपासावे. गाडी वेगांत असतां न्यूट्रल करून घसरूं दिली, तरी तालावर आवाज चालूच राहतो काय? राहिला तर तो इंजिनाचा नव्हे. गिअरबॉक्सच्या मागें जें जें चाकांबरोबर फिरतें त्यांतला आहे. ओढ देतांना एक सूर व पाय उचलतांच दुसरा सूर असा घुमारा निघतो काय? मग क्राउन-पिनियनचा संशय धरावा. आमच्या गाडीचें उत्तर एकच होतें: सारख्या वेगानें जातांना ठोका नाहीं, घुमारा नाहीं, ओढीची दिशा बदलली कीं ठोका, आणि एकच ठोका.

"म्हणजे कोठें तरी खेळ वाढला आहे," मिस्त्री म्हणाले. खेळ म्हणजे दोन जोडलेल्या भागांमधील सैलपणा.

येथें वाचकांनीं गाडीच्या पोटांत थोडें डोकावावें. या जातीच्या गाड्यांत इंजिन पुढें असतें व तें मागचीं चाकें फिरवितें. इंजिनाची शक्ति क्लचमधून गिअरबॉक्समध्यें येते. तेथून एका लांब पोकळ दांड्यानें ती मागें जाते. यास प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. मागच्या आंसाच्या मध्यभागीं पिनियन नांवाचें लहान दांतेरी चाक क्राउन नांवाच्या मोठ्या दांतेरी चाकास फिरवितें, आणि त्यायोगें शक्ति काटकोनांत वळून दोन्ही चाकांस मिळते. दांडा चारांहून अधिक वेळां फिरतो तेव्हां चाक एकदां फिरतें. गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यास जखडलेला. आंस मात्र कमानींवर खालींवर नाचणारा. दांडा जर दोन्ही टोकांस ताठ बसविला तर पहिल्याच खड्ड्यांत तो मोडेल. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस वांकणारे सांधे असतात. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो व सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक या दोघांचीं नांवें या सांध्यास चिकटलीं आहेत. आमचे कारागीर त्याला सुटसुटीतपणें "क्रॉस" म्हणतात, कारण आंत चार हातांचा एक पोलादी क्रूस असतो. त्याच्या प्रत्येक हातावर टोपीसारखी एक वाटी, आणि वाटींत सुयांसारखे बारीक रूळ. असा एकच सांधा वांकलेल्या स्थितींत फिरला तर पुढचा वेग सारखा राहत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत दोनदां कमीजास्त होतो. दुसरा सांधा नीट बसविलेला असला म्हणजे ही चूक भरून काढतो. दोन सांधे ठेवण्यांत अशी दुहेरी सोय आहे.

आतां ठोका कां येतो हें समजेल. मालगाडी सुटतांना वाचकांनीं ऐकली असेल. प्रत्येक डब्याच्या जोडणींत थोडी ढील असते. इंजिन ओढूं लागतांच ती एकामागून एक ताणली जाते आणि सबंध गाडीभर "खट्, खट्, खट्" असा आवाज धांवत जातो. एकदां ताण बसला कीं सर्व शांत. मोटारींतहि असेंच आहे. गिअरच्या दांत्यांत थोडी फट, सांध्यांत थोडी, क्राउन-पिनियनमध्यें थोडी, आंसाच्या टोकास थोडी. सारखी ओढ असतां हे सर्व भाग एका अंगास टेकून गप्प असतात. ओढ उलटली कीं ते दुसऱ्या अंगावर आदळतात. फट बारीक असेल तर आवाज कानीं येत नाहीं. एखादी वाढली कीं ठोका होतो. आवाज मात्र पोकळ दांड्यांतून व पत्र्यांतून सर्वत्र पसरतो. म्हणून कानास चोर सांपडत नाहीं. तो हातानें शोधावा लागतो.

तो शोध असा झाला. गाडी सपाट जागीं उभी केली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनीं दगडांची उटी लावली. जॅकनें मागची बाजू उचलून आंसाखालीं दोन लोखंडी घोड्या दिल्या, आणि जॅकवर विसंबून कोणींहि गाडीखालीं जावयाचें नाहीं, असें मिस्त्र्यांनीं मुलांना दोनदां बजावलें. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. मग मिस्त्री आंत शिरले व त्यांनीं आम्हांसहि बोलाविलें. शाळेचा कोट अंगांतून काढून आम्ही सतरंजीवर आडवे झालों. गाडीखालीं आमचें डोकें त्या वेळीं प्रथमच गेलें!

मागचीं चाकें जखडलेलीं होतीं, म्हणून दांडा हातानें इकडून तिकडे फिरविला तेव्हां तो क्राउन-पिनियनच्या व आंसाच्या फटीइतकाच हलला. खडूनें खूण करून पाहिलें. हालचाल थोडी होती. "हें एवढें असावयाचेंच," मिस्त्री म्हणाले. दांत्यांमध्यें तेलाच्या पापुद्र्यास व उष्णतेनें होणाऱ्या फुगवट्यास जागा हवी. क्राउन-पिनियनच्या दांत्यांतील ही फट बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या ते पांचव्या हिश्श्याएवढी असते. परंतु आंतील इतर दांते व आंसाचे सांधे यांची फट तींत मिळाल्यामुळें हातास ती अधिक वाटते. ज्यास हें ठाऊक नाहीं, तो एवढ्यावरून निरोगी क्राउन-पिनियन काढून टाकावयास सांगेल. मग यू-बोल्ट पाहिले; घट्ट होते. मागचा सांधा पाहिला. एका हातानें दांडा व दुसऱ्या हातानें त्याच्या पलीकडील चकती धरून एकमेकांविरुद्ध पिळलें. मधें कांहींच हललें नाहीं.

शेवटीं आम्ही पुढच्या सांध्यापाशीं, गिअरबॉक्सजवळ सरकलों. मिस्त्र्यांनीं आमचे दोन्ही हात धरून सांध्याच्या दोन बाजूंवर ठेविले व म्हटलें, "आतां तुम्ही पिळा." आम्हीं पिळलें. "खट्ट!" तोच ठोका, आमच्या बोटांखालीं. वाट्यांच्या कडेला तांबूस भुकटी जमली होती. तें ग्रीस नव्हतें. ग्रीस केव्हांच संपलें होतें. पोलादावर पोलाद घांसून झालेल्या गंजाची ती राख होती. सांध्यास ग्रीस भरण्याचें तोंड वाळक्या चिखलानें बुजलें होतें. पावसांत ओढे ओलांडतांना आंत पाणी गेलें आणि तें बाहेर ढकलण्यास नवें ग्रीस कोणीं भरलें नाहीं. कोणीं? बाहेर येऊन आम्हीं खर्चाची वही उघडली. ग्रीसिंगची शेवटची नोंद १४ महिन्यांपूर्वींची होती. आमच्या आजोबांच्या काळीं बैलगाडीच्या कण्याखालीं वंगणाची नळी टांगलेली असे, आणि आंसाला वंगण न घालतां गाडी जुंपणाऱ्या गड्यास लोक नांवें ठेवीत. येथें गडी बिचारा वंगण मागत होता. न देणारे आम्हीच होतों.

"असाच घाटांत नेला असता तर?" आम्हीं विचारिलें. मिस्त्र्यांनीं स्पष्ट सांगितलें. चढणींवर ओढ जास्त. सांधा तेथें तुटता, तर दांड्याचें पुढचें टोक खालीं पडून रस्त्यांत रुतलें असतें. उतरणींवर तुटता, तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध सुटला असता. घाट उतरतांना लहान गिअरमध्यें इंजिन जी गाडी रोखून धरतें, तो आधार नेमका हवा तेव्हां गेला असता. आणि चाकापाशीं कोण असतें? आम्हीं मामांना काढून जो परका चालक आणणार होतों, तो. ठोक्याची ज्याला ओळखहि नव्हती. हें ऐकून आमच्या अंगावर कांटा उभा राहिला.

सांधा बदलण्यास अर्धा दिवस लागला. मागच्या चकतीचे बोल्ट काढण्यापूर्वीं मिस्त्र्यांनीं दोन्ही चकत्यांवर छिन्नीनें समोरासमोर खुणा केल्या, म्हणजे दांडा परत बसवितांना पूर्वींच्याच जागीं बसावा व त्याचा तोल बिघडूं नये. जुन्या क्रूसाच्या हातांवर रुळांच्या दाबानें पडलेले बारीक चर नखाला लागत होते. तो क्रूस आम्हीं धुऊन प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेविला आहे. पुढील वर्गांनीं अवश्य पाहावा. एकंदर खर्च व्यर्थ बदललेल्या क्लचप्लेटीच्या खर्चाचा एक लहानसा अंश झाला.

ज्यांच्या घरीं अलीकडची मोटार आहे, ते म्हणतील कीं आमच्या गाडीस असा दांडाच नाहीं. खरें आहे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० ही गाडी रस्त्यावर आली, आणि पुढें इंजिन व पुढचींच चालक चाकें अशी रचना घरोघरीं परिचित झाली. पण त्या गाड्यांतहि प्रत्येक पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या आंसास सांधे असतात, आणि त्यांवर घडीदार रबरी टोपण असतें. तें टोपण फाटलें कीं ग्रीस उडून जातें, धूळ आंत शिरते, आणि चाक पुरतें वळवून गाडी चालवितांना "कट्कट्" असा आवाज येऊं लागतो. रचना बदलली, वंगणाचा नियम बदलला नाहीं.

सोमवारीं प्रार्थनेनंतर आम्हीं मामांना व्यासपीठाजवळ बोलाविलें. दोष बैठकींत ठेविला होता, तेव्हां क्षमा चार भिंतींआड मागून भागणार नव्हतें. सर्व मुलांसमोर आम्हीं सांगितलें कीं ठोका मामांच्या पायाचा नव्हता, आमच्या वहीचा होता; आणि किल्ली दोन्ही हातांनीं पुढें केली. मामा गोंधळून गेले. किल्ली घेऊन हळूच म्हणाले, "सर, गाडी बरी झाली ना? मग झालें." नववींतला तो मुलगा टाळ्या वाजविणारांत सर्वांत पुढें होता, हें सांगणें नलगे.

ठरल्या दिवशीं सहल निघाली. पसरणीच्या घाटांत मामांनीं गाडी अशी हळुवार नेली कीं मागें बसलेल्या दोघां लहानग्यांना झोंप लागली. वरच्या एका वळणावर त्यांनीं क्षणभर पाय उचलला व पुनः दाबला. आम्हीं कान टवकारले. खालून एक अगदीं बारीक "टिक्" ऐकूं आली.

"मामा, हें काय?"

"हें असावयाचेंच, सर," मामा हंसून म्हणाले. "दांत्यांना थोडी जागा लागते."

असो. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळाची व आपल्या डोळ्यांतील मुसळाची गोष्ट आम्ही आपल्या शाळेंत वर्षानुवर्षें सांगत आलों. ती आम्हांस गाडीखालीं सतरंजीवर निजून नीट समजली. यंत्र असो वा माणूस, कांहीं बिनसलें असें वाटलें म्हणजे तें केव्हां बिनसतें हें आधीं विचारावें, मग खालीं वांकून स्वतः हात लावून पाहावें, आणि त्यानंतरच कोणाचें नांव घ्यावें. वसतिगृहाच्या ओसरीवर आतां ग्रीसिंगच्या तारखांचा एक तक्ता टांगलेला आहे. तो मामा लिहितात. आम्ही खालीं सही करतों.